स्टिअरिंग वळवलं की कुईकुई आवाज येतोय, गॅरेजवाले रॅकच बदला म्हणतायत

निळी_हॅचबॅक
नमस्कार मंडळी, थोडी मदत हवीय. गाडी नऊ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगवाली. गेले काही आठवडे स्टिअरिंग वळवलं की पुढून कुईईई असा आवाज येतो, तेलपाणी न केलेल्या बिजागरीसारखा. पार्किंगमधून गाडी काढताना आणि यू टर्न मारताना जास्त येतो, डावीकडे वळवलं की अजून जास्त. वेगात लेन बदलताना ऐकू येत नाही, किंवा येत असेल पण टायरच्या आवाजात कळत नसेल.

गॅरेजमध्ये नेली तर त्यांनी उभ्या गाडीचं स्टिअरिंग एकदा इकडून तिकडे फिरवलं आणि रॅक (चाकं वळवणारी दातेरी दांडी) गेलाय, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल म्हणून मोकळे झाले. गाडी जॅकवर पण घेतली नाही. एवढं मोठं काम नुसत्या आवाजावरून करायचं का हे मला पटेना म्हणून गाडी तशीच परत आणली. स्टिअरिंग जड झालेलं नाहीये, ऑईल मिन आणि मॅक्सच्या मधे आहे, खाली जमिनीवर थेंब वगैरे काही नाही.

अजून एक गोष्ट, कामाची आहे की नाही माहीत नाही, पण पावसात भिजली किंवा धुतली की आवाज बंद होतो आणि सुकली की परत सुरू.

मला विचारायचंय की रॅक असा आवाज करतो का, घरी काय काय तपासता येईल, आणि मुख्य म्हणजे तोपर्यंत गाडी चालवायची का? हायवेवर रोज जाणं आहे आणि मुलं बरोबर असतात.

पाना_चौदा
ताई, रॅकचा विषय आत्ता बाजूला ठेवा. रॅक खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या दोन्ही टोकांना जे घड्या घड्यांचे रबरी बूट असतात त्यात ऑईल उतरतं, खड्ड्यातून गेलं की खटखट स्टिअरिंगपर्यंत येते, मधल्या जागी मोकळा खेळ लागतो नाहीतर फिरवताना एखाद्या ठिकाणी अडकल्यासारखं होतं. तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही. रॅकच्या आतला बुश, म्हणजे दांडी ज्यात सरकते ती पुंगळी, कधीकधी कुरकुरतो, नाही असं नाही, पण तो संशयितांच्या यादीत बराच खाली.

आधी आवाज नेमका कधी आणि कुठून येतो ते पकडायचं, पार्टचं नाव नंतर. सपाट जागी गाडी लावा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा. इंजिन बंद, पण चावी ऑनवर ठेवा नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. आता हळूहळू डावीउजवीकडे फिरवा. जड लागेल कारण पॉवरची मदत नाही, जेवढं फिरेल तेवढं फिरवा, जोर करू नका. या वेळी पॉवर स्टिअरिंगचा पंपही फिरत नाही आणि तो फिरवणारा इंजिनचा बेल्टही फिरत नाही, तरीसुद्धा कुईकुई आली तर ते दोघंही सुटले. आवाज फक्त इंजिन चालू असतानाच येत असेल तर मग बोनेट उघडून बेल्ट आणि ऑईलकडे बघायचं.

दुसरी टेस्ट दोघांनी करायची. इंजिन चालू, एकाने आत बसून सावकाश स्टिअरिंग फिरवायचं आणि दुसऱ्याने बाहेर कान लावायचा. बोनेट उघडलं की दोन्ही बाजूला स्ट्रटचं, म्हणजे स्प्रिंगसकट बसवलेल्या शॉकअपचं, वरचं टोक दिसतं, रबर आणि मधे नट असतो ते. त्यावर हात ठेवा. बऱ्याच गाड्यांमधे त्याखाली एक बेअरिंग असतं कारण चाक वळलं की अख्खा शॉकअप स्प्रिंगसकट वळतो. ते बेअरिंग गंजलं किंवा त्यात माती गेली की स्प्रिंग वळायचं सोडून पिळवटत राहते आणि मग एकदम सुटते, टंग्ग असा आवाज येतो आणि हाताला झटका कळतो. स्प्रिंगला हात लावायचा असेल तर बाहेरून नुसता तळवा टेकवा, वेटोळ्यांच्या मधे बोटं घालू नका, आणि ओढणी, बाही, केस बेल्टपासून लांब ठेवा, हे मी मुद्दाम सांगतोय कारण इंजिन चालू असताना सगळं लक्ष आवाजाकडे असतं.

हे करून इथे लिहा, मग पुढचं बघू.

साधा_ड्रायव्हर
एवढं कशाला, डब्ल्यूडी-४० ची बाटली घ्या आणि चाकाच्या आत जिथे जिथे रबर दिसेल तिथे मारून द्या. माझ्या गाडीचा असाच आवाज होता, गेला.

ग्रीस_निपल
दादा, आवाज गेला ते खरं असेल पण हा सल्ला इथे देऊ नका असं मला मनापासून वाटतं. एक तर ते पातळ तेल आहे, थोड्याच दिवसात उडून जातं, बुशच्या रबराला खनिज तेल सोसत नाही, कालांतराने रबर फुगून मऊ पडतं. रबराला सिलिकॉन स्प्रे किंवा सिलिकॉन ग्रीस. शिवाय तिथेच ब्रेकची डिस्क आणि पॅड असतात, त्यावर तुषार उडाला तर ब्रेक लागायचा नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आवाज जर बॉल जॉइंटचा, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या गोळा-वाटीच्या सांध्याचा, असेल तर तो गप्प होतो पण जॉइंट आतून झिजतच राहतो. बॉल जॉइंट निसटला की ते चाक आडवं होतं, गाडी हातात राहत नाही. आवाज ही तिथे आयती मिळालेली सूचना आहे, ती दाबायची कशाला.

निळी_हॅचबॅक, तुम्ही शेवटी सहज लिहिलेली पाण्याची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटतेय. जो भाग ओला झाल्यावर गप्प होतो तो बाहेर आहे, पाणी पोचतं अशा जागी आहे. म्हणजे डॅशबोर्डखालचा स्टिअरिंग कॉलम, क्लॉकस्प्रिंग (स्टिअरिंग व्हीलमागची वायरची गुंडाळी), केबिन आणि इंजिनमधल्या पत्र्यातून, फायरवॉलमधून, दांडा जातो तिथलं रबरी सील, हे सगळं जवळपास बाद. बेल्टचं तर सहसा उलटं असतं, दमट सकाळी किंवा डबक्यातून गेल्यावर तो जास्त किंचाळतो.

बेल्ट नक्की करायचा असेल तर इंजिन आयडलवर ठेवून लांबून बेल्टच्या नाळ्यांच्या बाजूला थोडंसं पाणी फवारा. आवाज क्षणभर गप्प होऊन परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. आवाज वाढला तर बेल्ट ढिला आहे, घसरतोय. आणि नुसते तडे शोधू नका. जुने बेल्ट तडकायचे, आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट तडे न पडताच टायरसारखे झिजतात, दिसायला ठणठणीत आणि तरी घसरतात. बेल्ट ड्रेसिंग नावाचा चिकट स्प्रे मिळतो तो मारू नका, धूळ धरतो आणि ढिला बेल्ट ढिलाच राहतो.

तुमची लक्षणं ऐकून माझा अंदाज लोअर बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड, म्हणजे रॅकपासून चाकाकडे येणाऱ्या दांडीच्या टोकाचा सांधा. पण अंदाजच, टेस्ट करा.

फुल_लॉक
एक छोटी गोष्ट सगळे विसरतात. पार्किंगची फरशी गुळगुळीत किंवा रंग दिलेली असेल तर उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवल्यावर टायर स्वतःच किंचाळतो, विशेषतः पूर्ण वळवल्यावर. फरशी ओली झाली की तो आवाज पण बंद होतो, म्हणजे पाण्याची खूण फसवू शकते. आधी मातीच्या किंवा खडबडीत जागी नेऊन बघा.

आणि फुल लॉकला स्टिअरिंग दाबून धरून ठेवू नका, चारपाच सेकंदाच्या वर तर नाहीच. हायड्रॉलिकमधे त्या वेळी प्रेशर अगदी टोकाला जातं, रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, आणि तेच ऑईल पंपातल्या पंपात फिरून तापत राहतं. त्या क्षणी थोडा घूं आवाज येणं बऱ्याच गाड्यांत नॉर्मल आहे.

नवीन_चालक
याच विषयात माझा पण प्रश्न घुसवू का? माझ्या गाडीत पण वळवताना चूं चूं येतं पण माझी इलेक्ट्रिक स्टिअरिंगवाली आहे, तर बेल्ट आणि ऑईलचं वरचं सगळं मला लागू पडतं का? आवाज आतून येतो, पायाजवळून, गाडी उभी असो की चालू, दोन्हीकडे सारखाच.

पाना_चौदा
नाही लागू पडत. इलेक्ट्रिकमधे मदत मोटर करते, त्यामुळे स्टिअरिंगसाठी ना बेल्ट ना पंप ना ऑईल. १९८८ मधे सुझुकीने सर्व्हो नावाच्या छोट्या गाडीत हे आणलं आणि आता छोट्या गाड्यांत बहुतेक हेच असतं. मोटरचा अगदी बारीक गूं आवाज शांत जागी येतो, तो सोडून द्या.

तुमचं वर्णन मला फायरवॉलच्या सीलचं वाटतंय. स्टिअरिंगचा दांडा केबिनमधून इंजिनकडे जिथे जातो तिथे धूळ येऊ नये म्हणून रबरी बूट असतो, तो कोरडा पडला की दांड्यावर घासून चूं चूं करतो. पेडलच्या वर टॉर्च मारून बघा, दांड्याभोवती सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, पेडलच्या रबराला मात्र अजिबात लागू देऊ नका, पाय सटकेल. यात धोका काही नाही, नुसता त्रास. पण आवाज पायाजवळून न येता थेट स्टिअरिंग व्हीलच्या मागून, खरखर असा येत असेल तर तिथे हात घालू नका, तिथे एअरबॅगची वायर जाते. ते काम जाणकारालाच द्या.

निळी_हॅचबॅक
सगळ्यांचे मनापासून आभार, टेस्ट करून आले. घराजवळच्या मातीच्या मोकळ्या जागी गाडी लावली, म्हणजे फरशीचा प्रश्न मिटला. इंजिन बंद, चावी ऑन, आवाज येतोच. म्हणजे बेल्ट आणि पंप गेले यादीतून. मग भावाला आत बसवलं आणि मी बाहेर. स्ट्रटच्या वरच्या टोकावर हात ठेवला तर दोन्हीकडे काहीच कळलं नाही, झटका नाही की टंग्ग नाही. आवाज खालून येतोय, डाव्या चाकाच्या मागून, एवढं कानाने नक्की. पण नेमका कुठून ते कळेना कारण चाक मधे येतं. आता पुढे काय करू? जॅक लावून खाली डोकं घालायचं म्हणजे भीती वाटते.

ग्रीस_निपल
भीती वाटते ते योग्यच आहे. गाडीतल्या जॅकवर गाडी उचलून कधीही खाली जाऊ नका, तो फक्त स्टेपनी बदलायला आहे. आणि शिवाय या कामासाठी नुसतं उचलून भागत नाही. चाक हवेत लटकलं की सांध्यांवरचा ताण बदलतो आणि आवाज गायब होऊ शकतो, मग माणूस म्हणतो सगळं ठीक आहे. त्यामुळे गाडी रॅम्पवर चढवून चाकांवर वजन ठेवून बघायची. गॅरेजमधे ज्या लिफ्टवर चाकं टेकलेली राहतात, अलाइनमेंटला वापरतात ती, ती उत्तम.

दुसऱ्या एखाद्या गॅरेजला जा आणि त्यांना रॅक वगैरे काही न सांगता एवढंच सांगा की डाव्या चाकाचा आवाज शोधायचाय, मी स्टिअरिंग फिरवते, तुम्ही एकेका सांध्यावर हात ठेवा. टाय रॉड एंड, लोअर बॉल जॉइंट, स्टॅबिलायझर लिंक, लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणारा हात) दोन्ही रबरी बुश. जो सांधा कुरकुरतो त्याची कंपनं बोटांना लगेच कळतात, कानापेक्षा हात जास्त खरं सांगतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक सांध्याच्या लोखंडावर आणि मूठ कानाला लावूनही ऐकता येतं.

मग गाडी नीट स्टँडवर घेऊन चाक लटकवायचं आणि लोअर आर्म आणि नकलच्या (चाक बसतं तो भाग) मधे टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून उचकवून बघायचं. खेळ दिसला तर विषय संपला. बॉल जॉइंटच्या रबरी टोपीला खालून, मागून, सगळीकडून टॉर्च मारा. फाटलेली बाजू बहुतेक वेळा आतल्या अंगाला असते, समोरून रबर धडधाकट दिसतं.

तोपर्यंत हायवे नको. खटखट किंवा खेळ नसेल तर कदाचित काहीच होणार नाही, पण मुलं बसतात म्हणालात म्हणून सांगतो, बघितल्याशिवाय वेगात नका जाऊ.

चाकामागचा
ताईंचा उभ्या गाडीत येतो म्हणून त्यांना लागू नाही, पण कुणाचा आवाज फक्त गाडी चालत असताना वळणावर येत असेल तर वेगळे संशयित असतात म्हणून लिहून ठेवतो. ब्रेक डिस्कच्या मागे पातळ पत्रा असतो, तो वाकून डिस्कला लागतो किंवा मधे खडा अडकतो, तेव्हा चाकाच्या फेऱ्याबरोबर चिंग चिंग होतं. ब्रेक पॅड संपत आले की त्यावरची छोटी पट्टी डिस्कला घासून बारीक शिट्टी वाजवते, ती ब्रेक लावला की बदलते. वळताना रेस दिली की कट कट कट आलं तर एक्सलचा सीव्ही जॉइंट (इंजिनची ताकद वळत्या चाकाला देणारा सांधा), त्याचा बूट फाटून चाकाच्या आत ग्रीस उडालेलं दिसेल. आणि घूंऽऽ असा आवाज वेगाबरोबर वाढला आणि एका बाजूला वळल्यावर जास्त झाला तर व्हील बेअरिंग, सहसा डावीकडे वळताना उजवं कारण वजन तिकडे जातं.

निळी_हॅचबॅक
सापडलं! दुसऱ्या गॅरेजला नेली, हळूहळू शहरातल्या रस्त्यानेच. तिथला माणूस फार शांतपणे काम करणारा निघाला. मी स्टिअरिंग फिरवत होते आणि तो एकेका जागी बोट ठेवत होता, टाय रॉडवर काही नाही, लिंकवर काही नाही, आणि डाव्या लोअर बॉल जॉइंटवर हात ठेवला तेव्हा त्याने मला खाली बोलावून माझं बोट तिथे ठेवलं. त्याचा मुलगा आत स्टिअरिंग फिरवत होता आणि बोटाखाली लोखंड बारीक थरथरत होतं, आवाजाबरोबर अगदी.

रबरी टोपी समोरून चांगलीच दिसत होती, आतल्या बाजूला मात्र जवळपास नखाएवढी चीर. त्याने टोपी दाबली तर ग्रीस नाही, तांबूस पाणी आलं. नक्की करायला त्याने सिरिंजने त्या चिरेतून थोडं ग्रीस आत सोडलं आणि परत स्टिअरिंग फिरवलं, आवाज एकदम बंद. मग टॉमीने उचकवल्यावर थोडासा खेळ पण दिसला. म्हणाला पाणी आत जायचं तेव्हा तेवढ्यापुरतं वंगण व्हायचं म्हणून पावसात आवाज थांबत होता, आणि तेच पाणी आतून गंजवत होतं.

रॅक त्याने बूट मागे सारून बघितला, कोरडा ठणठणीत.

आता तो म्हणतोय माझ्या गाडीत बॉल जॉइंट वेगळा मिळत नाही, लोअर आर्मसकट बदलायचा. हे बरोबर आहे का? आणि उजवा पण बदलावा का? आता ग्रीस भरलंय आणि आवाज नाही तर थोडे दिवस चालेल का?

पाना_चौदा
वा, उत्तम काम झालं, त्या माणसाला सोडू नका.

ग्रीस भरलंय ते फक्त निदानासाठी. खेळ आलाय म्हणजे गोळा आणि वाटी दोन्ही झिजलेत, ग्रीसने ते भरून येत नाही. लगेच बदला. आर्मसकट म्हणतोय ते खरं असू शकतं, काही गाड्यांत जॉइंट तीन बोल्टवर किंवा रिव्हेटवर असतो, काहींत प्रेसने बसवतात, आणि बऱ्याच गाड्यांत कंपनीच तो आर्मसकट देते. त्यात फायदा हा की आर्मचे दोन्ही बुश पण नवीन येतात, नऊ वर्षांच्या गाडीत ते तसेही दमलेले असणार.

उजव्याची टोपी अख्खी असेल आणि खेळ नसेल तर जबरदस्तीने बदलायला सांगणार नाही. फक्त आज गाडी वर आहे तोवर त्याची पण आतली बाजू टॉर्चने बघून घ्या.

ग्रीस_निपल
बसवताना दोन गोष्टी त्याला आठवण म्हणून सांगा, चांगल्या माणसाला राग येत नाही. जॉइंटचा नट बहुतेक सेल्फ लॉकिंग असतो, तसा असेल तर जुना परत वापरायचा नाही, आणि टॉर्क पान्यानेच, म्हणजे ठरलेल्या जोराने कसणाऱ्या पान्याने, कसायचा. दुसरं, आर्मच्या बुशचे बोल्ट चाक लटकलेलं असताना शेवटपर्यंत कसायचे नाहीत. आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून एकदोनदा दाबून बसवायची आणि मग वजनावर कसायचे. लटकत्या स्थितीत कसलं तर गाडी खाली आल्यावर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं, लवकर फाटतं, आणि काही महिन्यांत नवीनच कुरकुर सुरू होते, आणि मग लोक पार्टला नावं ठेवतात.

नंतर अलाइनमेंट करून घ्या, टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कोन, हललेला असतो.

निळी_हॅचबॅक
डावा आर्म बदलला, बोल्ट गाडी खाली घेऊनच कसले, मी न सांगताच तो तसं करत होता. उजव्याची टोपी आतूनही अख्खी आहे, खेळ नाही. अलाइनमेंटमधे टो थोडा बाहेर होता तो बसवून घेतला. धुऊन, सुकवून, उन्हात उभी करून परत फिरवून बघितलं, आवाज नाही. जुना आर्म मी मागून घेतला, जॉइंटची पिन हाताने ढकलली तर डुगडुगते, नवीन आर्मची बसवण्याआधी ढकलून बघितली होती, ती दोन्ही हातांनी सुद्धा जेमतेम हलत होती.

नवीन_चालक
माझं पण झालं, फायरवॉलचं सीलच होतं, पेडलच्या वर टॉर्च मारल्यावर दांड्यावर घासून चकाकलेली रिंग दिसली. सिलिकॉन ग्रीस लावलंय, आता शांत आहे. परत आला तर सील बदलावं लागेल का?

पाना_चौदा
रबर फाटलेलं नसेल तर नाही, ग्रीस लावत राहा. फाटलं असेल तर बदला, तिथून धूळ आणि इंजिनची गरम हवा आत येते.